साडेतीन मीटर मांजरपाट

धरणगाव, ११ जानेवारी २०२५

योगेंद्रा,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते धरून चाल. हे पत्र तुझ्या बँकेच्या पत्त्यावर टाकतोय, कारण फोनवर बोलायची सोय राहिली नाही. आमचा फोन तुझी मामी स्पीकरवर ठेवते आणि सगळी गल्ली ऐकते. तुझा फोन तुझी आई उचलते. आणि कमल माझी सख्खी बहीण असली तरी ही गोष्ट तिला इतक्यात कळायला नको.

ऐकलं ते खरं आहे का, की मेमध्ये तुला भाड्याची शेरवानी घालणार आहेत? मरून रंगाची, वर टिकल्या? जळगावात, मे महिन्यात? अरे, त्या प्लास्टिकात तू सप्तपदीआधीच शिजशील. रत्नाला काय उकडलेला नवरा द्यायचा आहे का?

आता मनातलं लिहितो. बेचाळीस वर्षं मी कपडे शिवले. आपल्या घरातला प्रत्येक नवरदेव माझ्या हातचा सदरा घालून बोहल्यावर चढला. मग रेडिमेड आलं. गेली अकरा वर्षं घरातला एकही पोरगा माझ्याकडे माप द्यायला आला नाही. दुकान चालू आहे, पण चेन बसवायला आणि पॅन्ट आखूड करायला. मी कोणाला बोललो नाही, पण ते मला लागलंय. तुझ्यामागे आता घरात लग्नाचं कोणी उरलं नाही. तू तरी माझ्या शिलाईत उभा राहावास एवढीच इच्छा आहे.

म्हणून कापड केलं आहे. बांधाकडच्या चार ओळी देशी कापसाच्या लावल्या. मामीने वर्षभर पेटीचरख्यावर सूत कातलं, टीव्ही बघत बघत. मालिकेत कोणी रडायला लागलं की तिचं सूत जाड येतं, तेव्हा कापडात कुठे जाडी लागली तर दोष मालिकेचा. ओळखीच्या विणकराने हातमागावर विणून दिलं. साडेतीन मीटर. असं कापड मी जन्मात दोनदा हाताळलं असेल.

कालच कौतिक कंडक्टरच्या हाती ते धुळ्याला तुमच्या घरी पाठवलंय. आत्ता ते खळीने ताठ आहे, हाताला गोणपाट लागेल, घाबरू नको. एक दिवस पाण्यात ठेव, सावलीत वाळव, मग गालाला लावून बघ. आणि माप द्यायला ये. जुना शर्ट मापाला पाठवायचा नाही. मी शर्टाचं माप घेत नाही, माणसाचं घेतो.

चुडामण मामा


धुळे, २५ जानेवारी

मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. पत्र पाच दिवसांपूर्वी मिळालं. कापडही मिळालं. काय वर्णावं, डोळे दिपले. अशी चकाकी की रेशमानं मान खाली घालावी. मुठीत आवळून पाहिलं तर एक सुरकुती नाही. पाण्यात टाकलं, दोरीवर घातलं, पाच मिनिटांत कोरडं. मामीच्या हातात जादू आहे, त्यांना माझ्यातर्फे दोन वेळा नमस्कार सांगा.

माप द्यायला मात्र लगेच येता येणार नाही. बँकेत मार्चअखेरीची धावपळ आहे. आता जानेवारी चालू आहे हे मला माहीत आहे, पण आमच्या शाखेत मार्चअखेर लवकर सुरू होते.

कापड अगदी जपून ठेवलं आहे. काळजी नसावी.

तुमचा योगेंद्र


धरणगाव, १ फेब्रुवारी

योगेंद्रा,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. सुरकुती पडत नाही हे ऐकून ती चरख्यावरून उठली. मग वर्षभर मी काय कातलं, असं मला विचारते.

बाबा रे, सुती कापडाला सुरकुती पडणारच. हातसुताचं साडेतीन मीटर वाळायला दुपार जाते. आणि चकाकी कुठून आली? तू कापडाचं नाही, छत्रीचं वर्णन लिहिलंस.

तीन प्रश्न विचारतो, उलट टपाली उत्तर दे. पाण्यातून काढल्यावर कापड किती आटलं? एका कडेला मामीने हट्टाने एक रंगीत दोरा घालून घेतलाय, त्याचा रंग कोणता? आणि तिसरा प्रश्न, कापड कुठे आहे?

मामा


धुळे, ९ फेब्रुवारी

मामा,

पकडलं तुम्ही. ते कापड मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

कौतिकभाऊंनी पुडकं आईच्या हाती दिलं. तुमचं पत्र बँकेत पोचायला दहा दिवस लागले. मधल्या काळात आईने पुडकं सोडलं, कापड दोन बोटांत धरलं आणि निकाल दिला की भाऊचं वय झालं, मांजरपाट पाठवलाय. आणि ते आहेराच्या पेटीत टाकलं.

ती लोखंडी पेटी तुम्हाला माहीतच आहे. लग्नामुंजीत आलेले शर्टपीस, पॅन्टपीस तिच्यात जातात आणि पुढच्या लग्नात बाहेर पडतात. शिवत कोणीच नाही. एक निळा पॅन्टपीस आमच्याकडून गेला होता, तो सहा वर्षांनी फिरून आमच्याच घरी आहेरात आला. आईने त्याला ओळखलं, खुशाली विचारल्यासारखा हात फिरवला आणि चाळीसगावला धाडून दिला. तुमचं कापड अठरा तारखेला बोदवडला गेलं, सुमनबाईंच्या मुलाच्या लग्नात. सुमनबाई म्हणजे आईची शाळेतली मैत्रीण.

मी आईला म्हटलं, परत आणू. तिने कपाळाला हात लावला. दिलेला आहेर परत मागितला तर बोदवडपासून धुळ्यापर्यंत नाक कापलं जाईल म्हणाली. तुम्ही अकरा वर्षांचं लिहिलं होतं ते वाचल्यावर मला खरं लिहवेना, म्हणून ती छत्री लिहिली. माफ करा.

आज पहाटेच निघून रत्नाला जळगावहून घेतलं आणि भुसावळला गाडी बदलून बोदवड गाठलं. पत्रिका अजून छापलेली नाही, तरी आमंत्रण द्यायला आलो असं सांगितलं. सुमनबाईंनी चहा दिला, पोहे दिले, लग्नाचे फोटो दाखवले. मी ताकाला जाऊन भांडं लपवत बसलो. शेवटी रत्नाच म्हणाली, काकू, आहेरात काय काय आलं, आम्हालाही अंदाज येईल. सुमनबाई खुलल्या आणि एकेक पीस सांगू लागल्या. त्यात तुमचं कापड होतं, 'ते जाडंभरडं'. होतं म्हणजे आता नाही. त्यांच्या मुलाचा मित्र राजदीप दीपनगरच्या वसाहतीत राहतो, त्याच्या वास्तुशांतीला त्यांनी ते देऊन टाकलं.

येत्या एखाद्या रविवारी दीपनगर. तुम्ही आईला काही बोलू नका. रागवायचं असेल तर मला रागवा.

योगेंद्र


धरणगाव, २४ फेब्रुवारी

योगेंद्रा,

रागवलो होतो. दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी मामीने विचारलं तेव्हा तिला निळ्या पॅन्टपीसची गोष्ट सांगितली, आणि हसून हसून आमची दोघांची मुरकुंडी वळली. मामीला उचकी लागली ती दुसऱ्या दिवशी थांबली. कमलला मी काही बोलणार नाही.

शोध थांबवू नको. पण तुझी अडचण अशी आहे की कापड समोर आलं तरी तुला ओळखणार नाही. म्हणून आता अभ्यास सांगतो. भेटेल त्या माणसाची बाही धरायची. पेरांत धरून चुरगाळायची. टेरीकॉट निसटतं. सूत बोटांत थांबतं आणि हाताची ऊब घेतं. मग उन्हाकडे धरायचं. गिरणीचा धागा सगळीकडे सारखा दिसतो, हातचा कुठे बारीक तर कुठे जाड. शक्य झालं तर कपडा उलटा करून शिलाई बघायची. बाहेरून कोणीही नीटनेटकं शिवतं, खरा शिंपी आतल्या बाजूला कळतो.

महिनाभर हे कर. मला कापडाची काळजी वाटत नाही. का वाटत नाही, ते विचारू नको.

मामा


धुळे, ५ मार्च

मामा,

तुम्ही माझं वाटोळं केलं आहे.

सोमवारी शाखाधिकाऱ्यांची बाही धरली. ते सही करत होते. पेरांत धरली, चुरगाळली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की सर, यात पासष्ट टक्के प्लास्टिक आहे. त्यांनी सही अर्धी सोडून माझ्याकडे पाहिलं. मंगळवारी त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं की घरातले बाकीचे शर्ट आणले तर सांगशील का. आज सहा आणले होते. त्यातला एकच सुती निघाला आणि तो त्यांनी रंगपंचमीला खराब करायला काढून ठेवलेला होता.

माझे स्वतःचे नऊ शर्ट तपासले, सात नापास. रत्नाच्या वडिलांची बाही पाहुण्यांसमोर धरली. त्यांना वाटलं मी आधार मागतोय, म्हणून ते मला खुर्चीत बसवायला लागले. रत्ना तोंडात पदर कोंबून आत पळाली. बसमध्ये एका म्हाताऱ्या बाबांच्या अंगात जुनी बंडी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. मी तिला हात लावला आणि धुळे येईपर्यंत सोडला नाही. मला वाटतं बाबांना आवडलं. मामा, तीस वर्षं मी कपडे घातले आणि एकदाही हात लावून पाहिलं नाही, याचं मला आता नवल वाटतं. असला आनंद फुकट मिळतो हे कोणी सांगत का नाही?

आता मुख्य बातमी. गेल्या रविवारी दीपनगरला गेलो. राजदीप वीज केंद्रात आहे, त्याची बायको संघमित्रा शाळेत शिकवते. दोघं इतकी मोकळी की मी सरळ सगळं सांगून टाकलं. संघमित्राने हळहळ केली. तिला ते कापड आवडलं होतं, राजदीपला शिवायचं म्हणून तिने ते पेटीत न टाकता खुर्चीवर ठेवलं होतं. पण वास्तुशांतीच्या स्वयंपाकाला उखर्डू नावाचे आचारी आले होते. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि हात लावू का म्हणून विचारलं. मग कापड उचलून गालाला लावलं आणि खाली ठेवेनात. संघमित्राला वाटलं, आपल्यापेक्षा हे यांचं आहे. तिने स्वयंपाकाचा आहेर म्हणून ते त्यांनाच दिलं.

आणि हे उखर्डू राहतात कुठे, तर धरणगावजवळच्या खेड्यात. तुमच्या तालुक्यात! तुम्ही ओळखता का?

योगेंद्र


धरणगाव, १६ मार्च

योगेंद्रा,

ओळखतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण वळसा तुला मीच घालायला लावला. आता ऐक.

एकवीस फेब्रुवारीला उखर्डू माझ्या दुकानात आला. काखेतलं कापड त्याने टेबलावर ठेवलं. धुऊन आणलं होतं, सावलीत वाळवलेलं. कडेचा हळदी दोरा मी पाहिला आणि स्टुलावर बसलो.

तो सांगत होता. तीस वर्षं चुलीपुढे काढली. लोक आहेरात जे पीस देतात त्याचे शर्ट शिवले, तर ठिणगी उडाली की कापड वितळून कातडीला चिकटतं. हातावरचे डाग दाखवले. मग कापडावर तळवा ठेवून म्हणाला, "आबा, हाई कापड शे. बाकी बठ्ठं पलास्टिक शे."

हे माझ्या भाच्याचं आहे, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात तो माप द्यायला हात पसरून उभा राहिला. डोळे मिटून, लहान मुलासारखा. अकरा वर्षांत माझ्यासमोर कोरं सुती कापड घेऊन कोणी असं उभं राहिलं नव्हतं. मी टेप काढला. मामी आतून बघत होती, तिनेही मान डोलावली.

चार दिवस शिवत होतो. गाणं म्हणत होतो असं मामी म्हणते, मला आठवत नाही. तुला कळवलं नाही, कारण शोधता शोधता तुला कापड कळायला लागेल असं वाटलं, आणि थोडी तुझी जिरवायचीही होती.

तुझं कापड मी दुसऱ्याच्या मापाने बेतलं, योगेंद्रा. त्याची लाज वाटत नाही, पण तुझ्यासाठी वाईट वाटतं. लग्नाला सात आठवडे राहिले. तेवढ्यात सूत होत नाही. तू शेरवानी घाल. मी येईन, पुढच्या रांगेत बसेन आणि तोंड वाकडं करणार नाही. मामीला शब्द दिलाय.

मामा


धुळे, १६ मार्च

मामा,

मी शोधून काढलं त्यांना, आणि तुम्हालाही.

आज सकाळी रत्ना आणि मी उखर्डूकाकांच्या गावी गेलो. ते एका साखरपुड्याच्या स्वयंपाकाला गेले होते, तिथे गाठलं. बट्ट्या भाजत होते. अंगात सदरा. मी नमस्काराच्या आधी बाही धरली. मामा, बोटांत थांबली ती. उन्हाकडे धरली तर मालिकेतली सगळी रडारड दिसली मला, इथे जाड, तिथे बारीक. कडेचा दोरा हळदी आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो.

मी इतका वेळ सोडेना म्हणून काकांनी सदरा काढला आणि उलटा करून माझ्या हातात दिला, आणि उघड्या अंगाने बट्ट्या उलटायला लागले. आतून बघितलं. एक दोरा सुटलेला नाही. काजं हाताने केलेली, बटणं शिंपल्याची. काखेत चौकोनी तुकडा, म्हणून हात वर केला तरी सदरा कमरेवरून उचलत नाही. काका मला दहा वेळा हात वर करून दाखवत होते, सदरा माझ्या हातात असूनही. मी विचारलं, शिवला कोणी. म्हणाले, "धरणगावना चुडामण आबा."

मी तिथेच बट्ट्यांच्या टोपल्याशेजारी बसलो. रत्ना इतकी हसली की साखरपुड्याची माणसं बघायला आली. तीन आठवडे तुम्ही मला लोकांच्या बाह्या चाचपायला लावल्या आणि सदरा शिवून मोकळे झाला होतात!

मी कापड मागितलं नाही. मला मागताच आलं नसतं. त्यांनी सदरा परत अंगात घालताना बटणं एकेक करून लावली, सावकाश. ते बघितल्यावर कोणी काय मागणार? मी त्यांना आमच्या लग्नाच्या वरणबट्टीचं सांगून आलो.

आता माझं ऐका. शेरवानी मी घालणार नाही. आईला आत्ताच सांगितलं, ती रुसून बसली आहे, निघेल रुसवा. कापड कुठलंही सुती चालेल, दुकानातलं चालेल, पण शिलाई तुमची पाहिजे. ती मी आज आतून पाहिली आहे, आता मला दुसरं काही चालणार नाही. रविवारी पहिल्या गाडीने येतो. शर्ट पाठवत नाही, मी येतोय.

तुमचा योगेंद्र


धरणगाव, १९ मार्च

योगेंद्रा,

दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना रामराम करून गेली असतील. कौतिकच्या हाती आलेलं तुझं पत्र मामीने तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मला वाचता येईना, तिने वाचलं.

काल आम्ही दोघं जळगावला गेलो. दुकानदाराने एकोणीस ताके उलगडले. विसाव्याला मामी म्हणाली, हे. हातमागाचं, पांढरं, साधं. आपल्यासारखं नाही, पण खरं आहे. पाण्यात घातलंय.

रविवारी ये. पोट भरून ये, उपाशी माणसाचं माप चुकतं.

मामा


धुळे, ९ मे

भाऊ,

कमलचा नमस्कार. पत्र लिहिते, कारण मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि फोनवर वहिनी ऐकतील.

आधी चांगलं लिहिते. शेरवानीचं मी चुकले. मांडवात सगळे पुरुष घामाने चिंब, व्याह्यांचा कोट तर अंगाला चिकटून काळा पडला, आणि माझा योगेंद्र आत्ता अंघोळ करून आल्यासारखा. आलेला प्रत्येक माणूस त्याच्या बाहीला हात लावत होता. हे खूळ कुठून निघालं कोण जाणे, त्याच्या बँकेचे साहेब तर कॉलर उलटी करून आतून बघत होते. तू पहिल्या रांगेत बसला होतास तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. आई गेल्यापासून इतकं खूश मी तुला पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं.

आता भांडण. तो वरणबट्टीचा आचारी होता ना, उखर्डू? मी बट्ट्या बघायला गेले तर त्याच्या अंगात सदरा. भाऊ, मी हात लावला. दुधावरची साय. ऊन नाही, घाम नाही, चुलीपुढे माणूस आरामात उभा. नवरदेवापेक्षा आचाऱ्याचा सदरा सरस! मी विचारलं, कोणी शिवला, तर तुझं नाव. परक्या आचाऱ्याला असला सदरा आणि सख्ख्या भाच्याला दुकानातला ताका? आणि जानेवारीत आम्हाला काय पाठवलंस, तर तो मांजरपाट. तो मी बोदवडला आहेरात देऊन टाकला, हेही सांगून टाकते, मनात ठेवत नाही.

हे सगळं मी योगेंद्र आणि रत्नाला बोलून दाखवलं, तर दोघं हसत सुटली. नवी नवरी, हिरवा चुडा हातात, आणि जमिनीवर लोळत होती. त्यात हसण्यासारखं काय होतं मला अजून कळलेलं नाही.

जाऊ दे. तुझ्या दाजींना तसलाच सदरा पाहिजे. व्याह्यांना पाहिजे, योगेंद्रच्या दोन्ही काकांना पाहिजे. दाजी माप द्यायला लाजतात, पण मी चौघांना घेऊन रविवारी येते. कापड मात्र त्या आचाऱ्यासारखंच हवं. तो म्हणाला, त्याला ते आहेरात मिळालं. असं सोन्यासारखं कापड आहेरात कोण देतं? ती बाई एक तर येडी असेल, नाही तर फार मोठ्या मनाची. तुला ठाऊक असली तर नाव कळव. मला तिला एकदा भेटायचं आहे.

कमल